गृहविज्ञानाच्या शिक्षिकेनं पुढे काय करावं: एम.ए., एम.एस्सी. की एम.एड.?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तुम्ही तासिका तत्त्वावर बालविकास आणि अन्नशास्त्र शिकवता. बी.ए. गृहविज्ञान घेऊन केलंय, नंतर बी.एड. झालंय. आता संस्था म्हणते, पदव्युत्तर करून घ्या. घरी दोन लहान मुलं आहेत, द्राक्षबाग आहे, छाटणी ते काढणी घरात माणसांचा राबता असतो. एम.ए. करावं, पोषणशास्त्रात एम.एस्सी. करावं की एम.एड. करून मोकळं व्हावं? आणि बहिःस्थ केलं तर चालेल का?

मी सांगलीत पदवीच्या वर्गांना हाच विषय शिकवते. साताऱ्या-सांगलीतल्या अनेक जणी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगते. एम.एड. तूर्त बाजूला ठेवा. गृहविज्ञानाची एकच शाखा निवडा आणि तिच्यात पदव्युत्तर करा. प्रयोगशाळेत हात घालावा लागेल आणि शेवटी स्वतःच्या भागातल्या प्रश्नावर लघुप्रबंध लिहावा लागेल, असंच शिक्षण घ्या. दोन वर्षं आणि घरचे पैसे खर्च करण्याजोगं तेवढंच आहे.

एम.एड. वाईट नाही. बी.एड. महाविद्यालयात शिकवायचं असेल किंवा शाळेच्या प्रशासनात पुढे जायचं असेल तर ते करावंच लागतं. पण त्याने तुमचा विषय वाढत नाही. अकरावीच्या मुलीने विचारलं, ‘मॅडम, नाचणीत कॅल्शियम आहे म्हणता, मग ते सगळं अंगी लागतं का?’ तर त्याचं उत्तर अध्यापनपद्धतीच्या पुस्तकात सापडणार नाही. नाचणीत 100 ग्रॅमला साधारण 364 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण तिच्यातल्या फायटेट आणि ऑक्झलेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकांमुळे त्याचं शोषण अडतं, आणि मोड आणल्यावर किंवा आंबवल्यावर फायटेट कमी होतं, हे तुम्हाला ठाऊक हवं. विषयाची खोली कमी असली की आपण वर्गात पुस्तक वाचून दाखवायला लागतो, आणि पोरींना ते लगेच कळतं.

आता पात्रतेचं. इथे बऱ्याच जणींची गाडी अडते. बी.ए. गृहविज्ञान झालेल्यांना पोषणशास्त्राच्या एम.एस्सी.ला सहसा थेट प्रवेश मिळत नाही, तिथे विज्ञान शाखेची किंवा बी.एस्सी. गृहविज्ञानाची पदवी मागतात. काही ठिकाणी पोषण-आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका करून वाट मिळते, पण ती प्रत्येक विद्यापीठात नसते. त्यामुळे ‘एम.ए. की एम.एस्सी.’ हा प्रश्न तुमच्यापुरता बराचसा तुमच्या बी.ए.नेच सोडवून ठेवलाय. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. कनिष्ठ महाविद्यालयासाठी पदव्युत्तर किमान 50 टक्के आणि बी.एड. लागतं, आणि संबंधित विषयातलं एम.ए. त्यासाठी पुरतं. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तरला 55 टक्के, राखीव प्रवर्गांना 50, आणि त्यावर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. म्हणून आजच मनाशी ठरवा की 55च्या खाली यायचं नाही. 53 टक्क्यांचं एम.ए. हातात धरून सेटच्या फॉर्मपाशी अडलेल्या मुली मी पाहिल्यात. पुन्हा परीक्षा, पुन्हा फी, आणि वय कुणासाठी थांबत नाही.

दुसरी अडचण पदवीच्या नावाची. आपल्याकडे गृहविज्ञान म्हणतात, विदर्भात कला शाखेत गृहअर्थशास्त्र रुजलंय, कृषी विद्यापीठांनी त्याच विषयाला सामुदायिक विज्ञान केलंय, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विद्याशाखेचं नाव फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस आहे. शिकायला गेलं तर बरंचसं एकच आहे, पण मुलाखतीच्या टेबलावर कारकून जाहिरातीतला शब्द आणि गुणपत्रिकेतला शब्द शेजारी ठेवून पाहतो. म्हणून प्रवेश घेण्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या गेल्या दोन-तीन जाहिराती मिळवा आणि त्यांत विषयाचं नाव नेमकं कसं छापलंय ते बघा. शंका राहिली तर विद्यापीठाच्या पात्रता विभागात लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच मागा. फोनवर मिळालेलं ‘चालतंय की’ पुढे कुणी मान्य करत नाही.

कुठे शिकायचं? साताऱ्या-सांगलीकडच्यांना सगळ्यात सोयीचं पुणं. महर्षी कर्व्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढलं, त्या एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय कर्वे रोडला आहे. साताऱ्याहून पुणं एसटीने दोन-अडीच तासांत गाठता येतं, काही जणी आठवड्यातले चार दिवस पुण्यात राहून शनिवार-रविवार घरी येतात. सांगलीकरांना ते जमत नाही, खोली घ्यावीच लागते. मुंबईत जुहूचं सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालय आणि मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन ही दोन्ही नावाजलेली आहेत, पण मुंबईचा खर्च आधी कागदावर मांडा. बी.एस्सी. झालेल्यांनी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जरूर विचारात घ्यावं, तिथलं विस्तारकार्य, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत नेण्याचं काम, गावाशी जोडलेलं आहे. कोल्हापूर जवळ आहे, शिवाजी विद्यापीठ आपलंच आहे, तेव्हा पहिली चौकशी तिथेच करा. कोणत्या विषयाला यंदा प्रवेश चालू आहेत आणि बी.ए.वाल्यांना वाट आहे का, ते माहितीपत्रकात बघा. गेल्या वर्षी कुणाला मिळालं त्यावर जाऊ नका.

बहिःस्थ आणि दूरशिक्षणाबद्दल स्पष्ट सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाची त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता असेल तर ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, कायद्याने तिच्यात खोट नाही. इग्नूच्या आहारशास्त्र व अन्नसेवा व्यवस्थापनाच्या एम.एस्सी.मध्ये तर प्रात्यक्षिकंही होती, पण 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून आयोगाने पोषण-आहारशास्त्राचे दूरशिक्षणातले नवे प्रवेश बंद केलेत. दुसऱ्या शाखेचा प्रात्यक्षिकं असलेला अभ्यासक्रम घेणार असाल तर ज्या केंद्रावर ती होतात ते केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे आणि यंदा चालू आहे का, हे फी भरायच्या आधी स्वतः जाऊन बघा. माझा आक्षेप आहे तो प्रात्यक्षिकाविनाच्या पदवीला. घरी बसून नोट्स पाठ केल्या, परीक्षा दिली, गुणपत्रिका आली, आणि वर्गात परीक्षानळी धरायची वेळ आली की हात थरथरतो. अमेरिकेत या विषयाची संघटना 1909 साली उभी राहिली. तिची पहिली अध्यक्ष एलन स्वॅलो रिचर्ड्स ही रसायनशास्त्रज्ञ होती, मॅसॅच्युसेट्समधल्या पाण्याचे नमुने तपासणारी. ‘स्वयंपाकाचं काय मेलं एम.ए. करायचं’ असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणालंच तर हे सांगा.

हळदीचंच बघा. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात, 2018 पासून सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या नात्यात कुणी ना कुणी हळद पिकवतं. हळदीत मेटॅनिल यलो हा कृत्रिम पिवळा रंग मिसळलाय का, हे शिकवताना पुस्तकात एवढंच असतं की आम्ल घातल्यावर गुलाबी रंग आला की भेसळ. तसं नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडले की शुद्ध हळदसुद्धा लालसर-गुलाबी होते, कारण कर्क्युमिनच रंग बदलतं. त्यावर पाणी घालायचं. गुलाबी रंग गेला तर ती नुसती हळद, टिकला तर मेटॅनिल यलोचा संशय. हा पाण्याचा टप्पा गाळला तर वर्गातल्या पोरी घरी जाऊन स्वतःच्या बापाच्या हळदीला भेसळीची म्हणतील. असल्या गोष्टी प्रयोगशाळेत शेजारी उभ्या राहिलेल्या मॅडमकडूनच शिकता येतात.

आता शाखा. अन्न व पोषण, मानव विकास, वस्त्र व परिधान, साधनसंपत्ती व्यवस्थापन आणि ग्राहक शिक्षण, विस्तार व संप्रेषण, अशा ढोबळ पाच शाखा. सगळ्या जणी पोषणाकडे धावतात, कारण त्यात पुढे डाएटिशियन होण्याची आशा असते. पण दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करायचं तर त्याचे नियम, प्रशिक्षण, नोंदणी सगळंच निराळं आहे, शिक्षिकेच्या पदवीला ते आपोआप चिकटत नाही. विट्याकडच्या, यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या मुलीने वस्त्रशास्त्र घ्यायला काय हरकत आहे? तुम्ही बालविकास शिकवता, त्यात मन रमत असेल तर मानव विकास घ्या.

मला विचाराल तर आपल्या भागात सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात गरजेची शाखा म्हणजे साधनसंपत्ती व्यवस्थापन. कारण सांगते. बचतगटातल्या बायका विचारतात, ‘बाई, बारा टक्क्यांनी कर्ज देतायत, घ्यावं का?’ हे गणित तुम्हाला फळ्यावर मांडता आलं पाहिजे. 30,000 रुपये, दोन वर्षं, बारा टक्के फ्लॅट. व्याज 7,200, एकूण 37,200, चोवीस हप्ते, दरमहा 1,550. दिसायला सोपं. पण पहिल्याच महिन्यापासून मुद्दल फिटायला लागतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवर चालू राहतं. हाच हप्ता घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून, मांडला तर व्याजदर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास निघतो. बारा आणि साडेएकवीस. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज सूक्ष्मकर्ज ठरतं आणि त्या घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. हे सगळं गृहविज्ञानच आहे. ग्राहक संरक्षणाचा 2019 चा कायदा, बिस्किटाच्या पुड्यावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचा नियम, ग्राहक हेल्पलाइनचा 1915 क्रमांक, हेही त्यातच येतं. मैद्याचं नाव पहिलं आणि गव्हाच्या पिठाचं तिसरं असलेला ‘गव्हाचा’ पुडा वर्गात फिरवा, त्या दिवशी पोरींना शिकवावं लागत नाही.

लघुप्रबंधाचा विषय कुणाच्या जुन्या प्रबंधातून उचलू नका. ‘महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या आहारविषयक सवयींचा अभ्यास’ या नावाचे गठ्ठे ग्रंथालयात धूळ खात पडलेत. तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर बेदाण्याची शेडं आहेत, तिथे बायका दिवसभर बसून बेदाणा निवडतात. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या आवारात तोडकऱ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, त्यांत दोन-तीन वर्षांची पोरं असतात. 2019 च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या घरांनी कोणत्या वस्तू आधी घेतल्या, कोणत्या पुढे ढकलल्या, हा साधनसंपत्ती व्यवस्थापनाचा अव्वल विषय आहे. सातारा जिल्ह्यात माण-खटावकडे गेलात तर पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात बाईचे किती तास जातात, हा वेळेच्या हिशेबाचा विषय हातात येतो.

पण हे काम नीट करायचं तर पद्धत शिकावी लागते. बेदाणा शेडवरच्या बाईला विचारलं, काल काय खाल्लं? ती सांगते, दोन भाकरी आणि आमटी. विद्यार्थिनी लिहून घेते, दोन भाकरी. संपलं. पण भाकरी केवढी? 60 ग्रॅम पिठाची असेल तर एका भाकरीतून सुमारे 200 किलोकॅलरी मिळतात, जतकडची 100 ग्रॅम पिठाची असेल तर सुमारे 334. दोन भाकऱ्यांत अडीचशेहून जास्त कॅलरींचा फरक पडला, आणि त्यावर तुम्ही ‘ऊर्जेचं सेवन अपुरं’ असा निष्कर्ष काढणार. म्हणून तराजू घेऊन घरी जायचं, मळायच्या आधी पीठ काढून ठेवायला सांगायचं, वजन करायचं, आणि तेवढ्यात किती भाकऱ्या झाल्या ते मोजायचं. आमटीसाठी आपली मापाची वाटी बरोबर न्यायची. सकाळी चहाबरोबर खाल्लेला शिळ्या भाकरीचा तुकडा ती सांगत नाही, तिच्या लेखी ते खाणं नव्हेच. चहा किती वेळा, साखर किती, हे निराळं विचारायचं. उपवासाचा वार किंवा बाजाराचा दिवस असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं.

मग आकडे मांडताना हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची अन्नघटक सारणी वापरा, तिच्यात 528 पदार्थ आहेत. सावध राहा, तिच्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय. ज्वारीपुढे 1398 लिहिलंय, ते 4.184 ने भागल्यावर 334 किलोकॅलरी येतात. जुनी सारणी किलोकॅलरीत होती, त्यामुळे दोन्हींतले आकडे एका तक्त्यात मिसळलेले प्रबंध मी परत पाठवलेत. आणि सारणीतलं वजन कच्च्या पदार्थाचं असतं, भाजलेल्या भाकरीचं नाही.

एवढं स्वतः केलेली शिक्षिका अकरावीला ‘आहार सर्वेक्षण’ हे प्रकरण शिकवते तेव्हा वर्ग वेगळाच ऐकतो.

नेट-सेटबद्दल थोडंसं. नेटला गृहविज्ञान हा विषय क्रमांक 12 आहे. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 प्रश्नांचा, दोन्ही एकत्र तीन तासांत, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. दुसऱ्या पेपरात पाचही शाखा येतात, शिवाय संशोधन पद्धती. म्हणून एकाच शाखेत पदव्युत्तर केलेल्या मुली वस्त्रशास्त्राला आणि विस्तारशिक्षणाला घाबरतात. तुमचा इथे फायदा आहे, कारण बी.ए.ला तुम्ही सगळंच थोडंथोडं वाचलंय, ती पुस्तकं रद्दीत घालू नका. महाराष्ट्राची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते. आपल्याला एवीतेवी सांगली-साताऱ्यातच राहायचंय, तेव्हा सेट पुरते. मात्र दोन्हींचे फॉर्म भरत राहा, शेवटच्या सत्रापासूनच.

पीएच.डी.ची घाई करू नका. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट हीच किमान अट आहे, त्या पायरीवर पीएच.डी. सक्तीची नाही. नोकरीत असताना अर्धवेळ करता येते, पण संस्थेचं ना हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं धरा. दूरशिक्षणातून पीएच.डी. होत नाही, तेव्हा तशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूही नका. एम.फिल. आता बंद झालंय.

2022 पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी आहे, म्हणून काही जणी एम.ए. आणि एम.एड. दोन्हींचे फॉर्म एकदम भरतात. नियमित पदव्या असतील तर तासांची वेळ एकमेकींवर येता कामा नये, ही अट आहे. तुमच्या घरची परिस्थिती बघता मी नकोच म्हणेन.

आणि घरचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षकाढणी आणि तुमच्या वर्गांच्या बोर्डाच्या परीक्षा एकत्रच येतात, त्यामुळे लघुप्रबंधाचं क्षेत्रकाम त्या दोन महिन्यांत ठेवू नका, पावसाळा ओसरल्यावर दिवाळीच्या आगेमागे उरका. सासूबाईंना आधीच विश्वासात घ्या. भाकरीच्या पिठाचं वजन पहिल्यांदा त्यांच्याच स्वयंपाकघरात करून बघा. काय मोजतेय आणि कशासाठी, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की पोरांना सांभाळायला त्या आपणहून तयार होतात, असा माझ्या विद्यार्थिनींचा अनुभव आहे.

संस्थेने पदव्युत्तर करायला सांगितलंय ना, मग ते पत्रावर घ्या. अभ्यासाच्या काळात तासिका चालू राहणार का, परीक्षेला रजा मिळणार का, आणि पदवी झाल्यावर जागा भरताना तुमचा विचार होणार का, हे तिन्ही मुद्दे त्यात असू द्या. अनुदानित जागांची भरती शासनाच्या पवित्र या शिक्षकभरतीच्या पोर्टलवरून होते आणि त्यासाठी राज्याची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, म्हणून संस्थेचं तोंडी आश्वासन कितीही मनापासून दिलेलं असलं तरी त्या चाचणीची तयारी बाजूला चालूच ठेवा. माहितीपत्रकं आली की आधी पात्रतेचं पान वाचा, फीचं नंतर. काही अडलं तर तुमची बी.ए.ची गुणपत्रिका आणि त्या विद्यापीठाचं पात्रतेचं पान शेजारी ठेवून पुन्हा विचारा, दोन्ही बघून सांगेन.